सोसायटीचं रेकॉर्डिंग इमारतीत ठेवायचं की क्लाउडवर?

प्रश्न थोडक्यात असा: मुलुंड पूर्वेला तीन विंगची सोसायटी आहे, ३२ नवे आयपी कॅमेरे (नेटवर्कवरून चित्र पाठवणारे) बसवायचं ठरलंय. कॅमेरे आणि केबलिंगचा खर्च दोन्ही कोटेशनमध्ये सारखाच आहे, वाद आहे तो रेकॉर्डिंगचा. एका कोटेशनमध्ये रेकॉर्डर, हार्ड डिस्क, यूपीएस सगळं सोसायटीतच, एकरकमी २,४०,००० रुपये आणि वर्षाला ३६,००० एएमसी, म्हणजे देखभालीचा करार. दुसऱ्यात क्लाउड, म्हणजे फुटेज इंटरनेटवरून कंपनीच्या सर्व्हरवर, दर कॅमेऱ्याला महिना ३२० रुपये अधिक जीएसटी, आणि त्यात सात दिवसांचं फुटेज. तरुण सभासद म्हणतात क्लाउड घ्या, डोक्याला ताप नको. खजिनदार म्हणतात, दर महिन्याचा खर्च मागे लावून घ्यायचा नाही. सेक्रेटरी ताई विचारतात, कुणाचं ऐकू?

उत्तर आधी सांगतो. तुमच्या सोसायटीसाठी रेकॉर्डिंग इमारतीतच ठेवा. गेट, लॉबी आणि पार्किंगच्या तोंडाशी असलेल्या चार-पाच कॅमेऱ्यांची जादा प्रत इमारतीबाहेर जाऊ द्या. आणि रेकॉर्डिंग चालू आहे की नाही हे तपासायची जबाबदारी एका माणसाच्या नावावर लेखी टाका. ही शेवटची अट जमणारच नसेल, तर सरळ क्लाउडचे पैसे भरा. मी मुंबई-ठाण्यात वर्षानुवर्षं हेच काम करतोय आणि या तिसऱ्या मुद्द्यावर मला तडजोड मान्य नाही.

आता हिशेब बघू, कारण ३२ कॅमेऱ्यांच्या बाबतीत निम्मा निर्णय हिशेबच करून टाकतो. चार मेगापिक्सेलचा कॅमेरा, एच.२६५ कॉम्प्रेशन, सेकंदाला १५ फ्रेम, अशा सेटिंगला सरासरी २ एमबीपीएस (सेकंदाला मेगाबिट) धरा. रात्री पावसात चित्रात गोंगाट वाढतो तेव्हा हा आकडा वर जातो, पण २ धरून चालू. एक कॅमेरा दिवसाला २१.६ जीबी लिहितो. ३२ कॅमेरे दिवसाला ६९१ जीबी. तीस दिवस ठेवायचं तर २०.७ टीबी. हे इमारतीतल्या डिस्कवर लिहायला काहीच अडचण नाही. ८ टीबीच्या चार डिस्क रेड ५ मध्ये, म्हणजे एका डिस्कइतकी जागा राखीव ठेवून एकत्र, लावल्या की २४ टीबी वापरायला मिळतात आणि एक डिस्क गेली तरी रेकॉर्डिंग थांबत नाही.

हेच फुटेज क्लाउडवर चढवायचं तर ६४ एमबीपीएस अपलोड चोवीस तास लागतो, दिवाळीच्या दिवशीसुद्धा. १०० एमबीपीएसच्या फायबर लाइनवर कागदोपत्री ते बसतं. अडतं ते मर्यादेवर. आपल्याकडच्या 'अनलिमिटेड' घरगुती प्लॅनवर साधारण ३.३ टीबीची महिन्याची मर्यादा असते. ती तुमचे कॅमेरे पाचव्या दिवशी संपवतील आणि मग स्पीड इतका पडेल की लाइव्ह चित्रही अडखळेल. म्हणजे बिझनेस लाइन घ्यावी लागणार, आणि तो खर्च तुमच्या क्लाउडच्या कोटेशनमध्ये कुठेच दिसत नाही.

विक्रेता म्हणेल, आम्ही फक्त हालचाल झाली की पाठवतो. बरोबर आहे, जिन्यात आणि गच्चीच्या दाराशी त्याने खूप फरक पडतो. पण सोसायटीच्या गेटवर पहाटे दूधवाल्यापासून रात्री उशिराच्या डिलिव्हरीवाल्यापर्यंत हालचाल थांबते कधी? तिथे 'मोशन' आणि 'सतत' यांत फारसा फरक उरत नाही. दुसरी युक्ती असते सबस्ट्रीमची. कॅमेरा एकाच वेळी दोन प्रवाह देतो, एक पूर्ण दर्जाचा आणि एक मोबाइलवर बघण्यापुरता बारीक. क्लाउडवर बारीक प्रवाह साठवला की आकडे छान दिसतात, पण मोटरसायकलची नंबर प्लेट वाचता येत नाही. तुमच्या कोटेशनमध्ये यातलं काय आहे ते लिहून मागवा: पूर्ण प्रवाह की बारीक, किती फ्रेम, किती एमबीपीएस.

आणखी एक खात्री करून घ्या. आमच्या बाजारात मोबाइल ॲपवर कॅमेरा दिसला की त्यालाही लोक क्लाउड म्हणून टाकतात. त्या ॲपमध्ये बहुतेक वेळा कंपनीचा सर्व्हर फक्त तुमचा मोबाइल आणि तुमचा रेकॉर्डर यांची गाठ घालून देतो. फुटेज खोक्यातच असतं. खोकं चोरीला गेलं तर ॲपमध्ये काहीही सापडत नाही. तेव्हा विक्रेत्याला एकच विचारा: आमचा रेकॉर्डर आत्ता उचलून नेला, तर कालचं फुटेज मला कुठून दाखवाल?

आता त्या जबाबदारीच्या माणसाबद्दल.

विक्रोळीच्या एका सोसायटीत दोन बाइक गेल्या आणि मला बोलावलं. वॉचमनच्या केबिनमधल्या टीव्हीवर सोळाच्या सोळा चौकटी स्वच्छ दिसत होत्या. रेकॉर्डरचा हिरवा दिवा लुकलुकत होता. मी प्लेबॅक उघडून चोरीची तारीख टाकली, टाइमलाइन कोरी. आदल्या दिवसाची टाकली, कोरी. मागे मागे जात राहिलो तेव्हा निळी पट्टी सुरू झाली ती चार महिन्यांपूर्वीच्या तारखेला. डिस्क तेव्हाच मेली होती. रेकॉर्डर त्यावर बीप देत होता, पण तो आवाज रात्री झोपू देत नाही म्हणून कुणीतरी मेनूत जाऊन बंद केला होता. लाइव्ह चित्राला डिस्क लागत नाही, त्यामुळे टीव्हीकडे बघून कुणालाच कधी शंका आली नाही. एएमसीवाला दर तिमाहीला येऊन कॅमेऱ्यांच्या काचा पुसून सही घेऊन जायचा. त्या सभासदांना पोलीस स्टेशनात 'फुटेज नाही' हे सांगताना जे वाटलं असेल, ते तुमच्या वाट्याला येऊ नये म्हणून हे इतकं लांबण लावतोय.

क्लाउडचा खरा फायदा इथे आहे. चांगली क्लाउड सेवा असेल तर कॅमेरा गप्प झाल्यावर काही मिनिटांत मेसेज येतो. डिस्क कधी बदलायची, सॉफ्टवेअर कधी अपडेट करायचं, ही त्यांची डोकेदुखी. हे काम घरच्या, म्हणजे इमारतीतल्या व्यवस्थेतही करता येतं, फक्त ते कुणीतरी करावं लागतं. रेकॉर्डरमध्ये डिस्कच्या बिघाडाचा आणि कॅमेरा तुटल्याचा ईमेल अलर्ट चालू करा, आणि तो सोसायटीच्या स्वतःच्या ईमेलवर येऊ द्या. दर सोमवारी कुणीतरी कुठलेही तीन कॅमेरे निवडून २५ दिवसांपूर्वीची दुपारची आणि रात्रीची दहा-दहा मिनिटं चौपट वेगाने चालवून बघावीत आणि वहीत सही करावी. पंधरा मिनिटांचं काम आहे. त्याच वेळी घड्याळही बघा. कॅमेऱ्याची वेळ मोबाइलपेक्षा पाच-दहा मिनिटं मागे-पुढे असेल तर एनटीपी, म्हणजे नेटवर्कवरून घड्याळ जुळवायचं सेटिंग बिघडलंय, आणि चुकीची वेळ पडलेलं फुटेज तपासात भलताच घोळ घालतं.

रेकॉर्डर कुठे ठेवायचा यावर कमिटीत फार कमी बोललं जातं. मुंबईत तर हा मोठा प्रश्न आहे. वॉचमनच्या केबिनमध्ये नको, चोर आधी तिथेच बघतो. तळमजल्याच्या मीटर रूममध्ये किंवा पंप रूममध्ये तर अजिबात नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा अनेक इमारतींत तळमजल्यावर असलेलं सगळंच पाण्यात गेलं होतं. आताही सखल भागांत दर पावसाळ्यात थोडंफार पाणी शिरतंच. पहिल्या किंवा दुसऱ्या मजल्यावर सोसायटीचं ऑफिस असेल तर तिथे कुलपाच्या रॅकमध्ये, भिंतीला बोल्ट मारून, हवा खेळेल अशा जागी. लिफ्टच्या मशीन रूममध्ये उष्णता जास्त असते, तिथे डिस्क लवकर दमतात. डिस्कही कॉम्प्युटरची साधी घेऊ नका. डब्ल्यूडी पर्पल किंवा सीगेट स्कायहॉकसारख्या सर्व्हेलन्सच्या डिस्क चोवीस तास लिहिण्यासाठीच बनवलेल्या असतात.

विजेचं गणित सोपं आहे. ३२ पीओई कॅमेरे (नेटवर्कच्या केबलवरूनच वीज घेणारे) प्रत्येकी ६ वॉटच्या आसपास, रेकॉर्डर ६० वॉट, मिळून अडीचशे वॉट. दोन तासांचा बॅकअप हवा तर ५०० वॉट-तास खर्च होतील, बॅटरी त्याच्या दीडपट घ्या आणि पीओई स्विचही त्याच यूपीएसवर टाका. रेकॉर्डर चालू आणि स्विच बंद असं बऱ्याच ठिकाणी बघायला मिळतं. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास मुंबई-ठाण्याची वीज गेली आणि काही भागांत ती यायला कित्येक तास लागले. असा दिवस क्वचितच येतो आणि त्या दिवशी ना घरचा रेकॉर्डर चालतो ना क्लाउड. पण रोजच्या वीस मिनिटांच्या झटक्यात फरक पडतो. घरच्या व्यवस्थेला यूपीएस पुरतो. क्लाउडला तुमचा यूपीएस, तुमचा राउटर आणि गल्लीतल्या इंटरनेटवाल्याचा खांबावरचा डबा, तिघांनाही वीज लागते. शिवाय रस्ते काँक्रीटचे करण्यासाठी खोदकाम चालू असलं की फायबर तुटणं नेहमीचंच. क्लाउड घेतलाच तर कॅमेऱ्यात मेमरी कार्ड हवं आणि लाइन आल्यावर मधला तुकडा आपोआप वर चढतो का, हे प्रात्यक्षिक करून बघा: केबल काढा, अर्धा तास थांबा, परत लावा.

सुरक्षिततेबद्दल दोन्ही बाजूंनी भीती घातली जाते आणि दोन्ही बाजू खऱ्या आहेत. २०१६ मध्ये मिराई नावाच्या बॉटनेटने, म्हणजे यंत्रं ताब्यात घेऊन हल्ल्याला जुंपणाऱ्या जाळ्याने, कारखान्यातून आलेले पासवर्ड तसेच ठेवलेले कॅमेरे आणि डीव्हीआर (रेकॉर्डर) लाखोंनी ताब्यात घेतले. त्या वर्षी २१ ऑक्टोबरला डाइन या साइटचे पत्ते शोधून देणाऱ्या कंपनीवर झालेल्या हल्ल्यात ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट अमेरिकेत कोलमडल्या, त्यात हे कॅमेरे वापरले गेले होते. हा घरच्या व्यवस्थेचा धोका. मार्च २०२१ मध्ये वर्काडा या अमेरिकन क्लाउड कॅमेरा कंपनीचा सुपर ॲडमिन पासवर्ड बाहेर फुटला आणि एकाच चावीने दीड लाखांच्या आसपास कॅमेरे उघडले गेले. त्यात रुग्णालयं होती, तुरुंग होते. फेब्रुवारी २०२४ मध्ये वाइझ या घरगुती कॅमेऱ्यांच्या कंपनीच्या सुमारे १३,००० ग्राहकांना दुसऱ्यांच्या घरातल्या कॅमेऱ्यांची चित्रं आपल्या ॲपमध्ये दिसली. हा क्लाउडचा धोका. घरच्या व्यवस्थेत निष्काळजीपणा तुमचा असतो आणि तो सुधारणं तुमच्या हातात असतं, म्हणून मी तिकडे झुकतो. त्यासाठी तीन गोष्टी पुरतात. प्रत्येक कॅमेऱ्याचा पासवर्ड बदला. कॅमेऱ्यांचं नेटवर्क ऑफिसच्या वायफायपासून वेगळं ठेवा. आणि राउटरवर कॅमेऱ्यांसाठी पोर्ट (बाहेरून आत यायची वाट) उघडू नका. तसंही आपल्याकडचे बरेच इंटरनेटवाले एकच आयपी अनेक ग्राहकांत वाटतात, त्यामुळे पोर्ट उघडून बाहेरून पोहोचता येत नाहीच. बाहेरून बघायला वायरगार्डसारखा व्हीपीएन (बंदिस्त जोडणी) लावा. पण वायरगार्डलाही एका टोकाला बाहेरून पोहोचता येणारा पत्ता लागतो, तो नसेल तर टेलस्केल ही तयार सेवा वापरा.

पोलीस आणि कोर्टाचा मुद्दा मात्र बहुतेक कोटेशनमध्ये सुटलेला असतो. फुटेज पुरावा म्हणून चालायचं तर सोबत प्रमाणपत्र लागतं. हा कायदा पक्का झाला तो आपल्याच महाराष्ट्रातल्या प्रकरणात. २०१४ च्या जालना विधानसभा निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत भरला होता का, यावर वाद झाला आणि पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या कॅमेऱ्यांचा. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये सांगितलं की मूळ यंत्रच हजर केलं नसेल तर पुरावा कायद्याच्या कलम ६५ब चं प्रमाणपत्र हवंच. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला, त्यात हे कलम ६३ मध्ये आलंय. आता प्रमाणपत्राचे दोन भाग असतात, एक यंत्राची जबाबदारी असलेल्याचा आणि एक तज्ज्ञाचा, आणि फाइलची हॅश किंमत (फाइल बदलली की बदलणारा तिचा ठसा) लिहावी लागते, उदाहरणार्थ एसएचए-२५६ ची.

याचा तुमच्याशी संबंध असा. रेकॉर्डर सोसायटीचा असेल तर सेक्रेटरी पहिल्या भागावर सही करू शकतात, कारण यंत्र त्यांच्या ताब्यात आहे. क्लाउडमध्ये सही कुणाची? कंपनी देते का, किती दिवसांत, हे करारात नसेल तर ऐन वेळी ईमेलला उत्तर येत नाही. फुटेज काढून देणंही बघा. चार कॅमेऱ्यांचं सहा तासांचं फुटेज म्हणजे २१ जीबीहून जास्त. रेकॉर्डरमधून ते पेन ड्राइव्हवर थेट उतरतं, क्लाउडवरून आधी डाउनलोड करावं लागतं. आणि सात दिवसांची मुदत मला फारच कमी वाटते. गावाला गेलेलं कुटुंब दहा दिवसांनी परत येतं आणि मग कळतं की दार फोडलंय. तीस दिवस हा माझा किमान आग्रह.

कायद्याचं आणखी थोडं. ९ एप्रिल २०२५ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना नवे सुरक्षा निकष लागू आहेत, तेव्हा मॉडेल नंबरसकट प्रमाणपत्राची प्रत मागा. जुना स्टॉक स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नका. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि टप्प्याटप्प्याने लागू होताहेत. कुणाच्या फ्लॅटच्या दारात डोकावणारा कोन ठेवू नका, फुटेज कोण बघू शकतं याचा ठराव करा. क्लाउड कंपनीला डेटा कुठल्या देशात आहे ते विचारा. ॲमेझॉनचं मुंबईतलं क्लाउड केंद्र २०१६ पासून आहे, त्यामुळे 'भारतात शक्य नाही' हे उत्तर स्वीकारू नका.

पैशांचं लवकर उरकतो. क्लाउडचे महिन्याला १०,२४० रुपये, १८ टक्के जीएसटी धरून वर्षाला १,४५,००० च्या घरात, पाच वर्षांत सव्वासात लाख. बिझनेस लाइन वेगळी. इमारतीतल्या व्यवस्थेचे पाच वर्षांत २,४०,००० अधिक एएमसीचे १,८०,०००, म्हणजे ४,२०,०००. मध्ये एकदा डिस्क बदलाव्या लागतील असं धरून चाला. रेकॉर्डर महिन्याला ४३ युनिट वीज खातो. तरीही खजिनदारांचं पारडं जड आहे, पण ३६,००० ची एएमसी काचा पुसण्यापुरती असेल तर ही सगळी बचत खोटी आहे.

सॉफ्टवेअरबद्दल ताईंनी वेगळं विचारलंय, कारण एका सभासदाच्या मुलाने फ्रिगेट हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर सुचवलंय. फ्रिगेट मला मनापासून आवडतं. ते खुलं आहे, माणूस आणि गाडी नीट ओळखतं, झाड हललं म्हणून ओरडत नाही. पण ते लिनक्सवर डॉकरमध्ये चालतं, आणि तो मुलगा उद्या नोकरीसाठी बंगळूरला गेला तर सोसायटीत ते कुणालाच उघडता येणार नाही. ३२ कॅमेऱ्यांच्या सोसायटीला ३२ चॅनेलचा साधा एनव्हीआर, म्हणजे नेटवर्क रेकॉर्डरच बरा, तो दुरुस्त करणारा माणूस लॅमिंग्टन रोडपासून कल्याणपर्यंत कुठेही मिळतो. मुलाची हौस आणि ज्ञान वाया घालवू नका, त्याला गेटच्या दोन कॅमेऱ्यांवर फ्रिगेट चालवू द्या. कॅमेरे ओएनव्हीआयएफ आणि आरटीएसपी (वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं जोडणारी सामाईक मानकं) देणारे घेतले असतील तर एकच कॅमेरा दोन्हीकडे जातो. मायलस्टोन या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती आठ कॅमेऱ्यांपर्यंतच आहे, सिनॉलॉजीच्या नासवर (नेटवर्कवरच्या साठवणीच्या यंत्रावर) दोन कॅमेऱ्यांचेच परवाने सोबत येतात, पुढचे विकत घ्यावे लागतात. तुमच्या आकाराला ते महाग पडतं.

क्लाउड मी कुणाला सुचवतो? दादरला दोन-तीन कॅमेऱ्यांचं साडीचं दुकान, जिथे रात्री कुणी नसतं आणि चोर गल्ल्यासोबत रेकॉर्डरही नेईल. बोरिवली, ठाणे, वाशी अशा पाच शाखांचं क्लिनिक, जिथे मालकाला सगळं एका पडद्यावर हवं असतं आणि प्रत्येक शाखेत कॅमेरे मोजकेच. म्हातारे आईवडील एकटे राहतात असा फ्लॅट. कॅमेरे कमी, देखभालीला माणूस नाही, तिथे महिन्याचे पैसे सार्थकी लागतात. रिडेव्हलपमेंट दोन वर्षांवर आलेल्या इमारतीलाही क्लाउड किंवा भाड्याचा रेकॉर्डर परवडतो.

तुम्ही वर्क ऑर्डर देताना एवढं त्यात लिहून घ्या. ॲडमिन खातं सोसायटीच्या ईमेलवर उघडायचं, इन्स्टॉलरच्या जीमेलवर नाही. पासवर्ड बंद पाकिटात ऑफिसच्या तिजोरीत, आणि कमिटी बदलली की नव्या कमिटीने तो बदलायचा. तीस दिवसांचं पूर्ण दर्जाचं रेकॉर्डिंग प्रत्यक्ष दाखवल्याशिवाय, म्हणजे काम संपल्यावर एकतिसाव्या दिवशी, शेवटचे वीस टक्के द्यायचे नाहीत. एएमसीच्या प्रत्येक भेटीत डिस्कच्या आरोग्याचा रिपोर्ट छापून द्यायचा. डिस्क मेली तर ४८ तासांत बदली, जुनी डिस्क सोसायटीकडेच राहणार. बाहेरची प्रत कुठे जाते आणि ती परत कशी मिळवायची, हे एका पानावर मराठीत लिहून रॅकच्या दारावर चिकटवायचं. आणि बाहेरच्या भिंतीवरची सगळी केबल, जॉइंटचे डबे आणि सीलिंग मे संपायच्या आत पूर्ण झालं पाहिजे, कारण पावसात जोडलेल्या कनेक्टरमध्ये ओल अडकते आणि तो सप्टेंबरपर्यंत गंजतो.